एकाच खात्याची दोन लेकरं

माझं बालपण वरळीच्या बी.डी.डी. चाळीत गेलं. तिसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. खोली केवढी, तर 160 चौरस फूट. त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक, त्यातच देव्हारा आणि रात्री त्यातच नऊ माणसांची अंथरुणं. आत न मावणारी अंथरुणं बाहेर पॅसेजमध्ये जात. माझी जागा कायम पॅसेजमध्येच असे. तिथल्या दिव्याखाली मी शालान्त परीक्षेपर्यंतचा अभ्यास केला. दिवा पिवळट होता, पण त्याचं बिल आम्हाला येत नसे, हा त्याचा मोठा गुण.

पुढं मी शिक्षक झालो. इतिहास शिकवू लागलो. लग्नानंतर डोंबिवलीला बिऱ्हाड केलं आणि वरळीची खोली दादाकडे राहिली. नोकरीच्या काळात मी मुलांना रायगड शिकवला, अजिंठा शिकवला, व्ही.टी. स्टेशनची इमारत दाखवायला नेलं. पण ज्या इमारतीत आपण लहानाचे मोठे झालो तिलाही काही इतिहास असेल, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. चाळ म्हणजे राहायची जागा. शक्य होईल तेव्हा सोडायची जागा. इतिहास म्हणजे किल्ले, लेणी आणि घुमट. असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा आहे हे मला कळलं ते इंग्लंडमध्ये. माझी मुलगी नोकरीनिमित्त ब्रिस्टलला होती. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे महिनाभर राहिलो. तिथून बाथ हे गाव आगगाडीनं अगदी जवळ. एका रविवारी ती आम्हाला तिथं घेऊन गेली. बाथ प्रसिद्ध आहे ते रोमन लोकांच्या स्नानगृहासाठी आणि तिथल्या घरांच्या ओळींसाठी. ही घरं जॉर्जियन काळातली, म्हणजे 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, त्या काळातली. भिंतीला भिंत लावून उभी केलेली, एका उंचीची, एका तऱ्हेच्या खिडक्यांची, मधाच्या रंगाच्या दगडाची. त्यांतली सगळ्यात नामांकित ओळ म्हणजे रॉयल क्रेसेंट. 1767 साली तिचं काम सुरू झालं. अर्धचंद्रासारख्या वळणावर 30 घरं आणि त्यांच्यापुढे 114 खांब. लांबून पाहिलं की एकच राजवाडा वाटतो.

तिथल्या मार्गदर्शक बाईंनी एक गंमत सांगितली. जॉन वूड या वास्तुरचनाकारानं फक्त दर्शनी बाजू ठरवून दिली होती. ज्यानं घर घेतलं त्यानं मागचं घर आपापल्या ऐपतीप्रमाणं आणि आवडीप्रमाणं बांधायचं. त्यामुळं पुढून तीसही घरं सारखी आणि मागून प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणाचं छप्पर उंच, कुणाचं बुटकं, कुणाचा भाग पुढं आलेला.

मी हसलो, तेव्हा मुलीनं विचारलं, ''बाबा, काय झालं?'' मी म्हटलं, ''अगं, ही तर आपली चाळ!'' आमच्या चाळीचंही हेच होतं. बाहेरून 121 इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या, पण दार उघडलं की प्रत्येक खोली वेगळी. कुणी पोटमाळा काढलेला, कुणी मोरीला आडोसा घातलेला, कुणी भिंतभर मांडणी ठोकलेली. बाहेरची बाजू सरकारची, आतली माणसांची.

इंग्लंडातल्या त्या ओळी काही केवळ सौंदर्यासाठी जन्मल्या नव्हत्या. 1666 साली लंडनला मोठी आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर तिथं घरबांधणीचे कायदे आले. त्यांतला 1774 चा कायदा फार काटेकोर. घराच्या आकारावरून आणि किमतीवरून त्यानं घरांच्या पायऱ्या ठरवल्या आणि कुठल्या पायरीच्या घराची भिंत किती जाड असावी ते लिहून दिलं. दोन घरांमधली सामाईक भिंत आग थोपवणारी हवी, खिडकीचं लाकूड बाहेर उघडं पडता कामा नये, असे नियम. या नियमांतून लंडनमध्ये सारखी, सपाट, शिस्तीची घरं उभी राहिली आणि तो नमुना इतर गावांत गेला. म्हणजे ज्याला आज आपण वास्तुशैली म्हणतो तिच्या पोटात पुष्कळदा आगीची भीती, जमिनीचा भाव आणि सरकारी नियम असतात.

आता त्याच काळातली आपली वरळी पाहा. रॉयल क्रेसेंट बांधून होत होतं तेव्हा वरळी हे बेट होतं. एका टोकाला किल्ला, त्याच्या आसऱ्याला कोळीवाडा, आणि वरळी व महालक्ष्मी यांच्यामध्ये भरतीचं पाणी थेट आत घुसण्याएवढी मोठी खिंड. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यानं ती खिंड बांध घालून बंद केली. 1784 च्या सुमारास तो बांध पुरा झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड. त्यामुळं आतली खाजणं हळूहळू सुकली, भराव पडले आणि पुढच्या शतकात त्याच सखल भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हे सगळं गिरणगाव झालं.

गिरण्या आल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली. पण माणसांसाठी घरं आली नाहीत. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारचे डोळे उघडले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि बी.आय.टी. चाळी बांधल्या गेल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकांच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची बरीच वर्षं काढली. तरीही घरं पुरेनात. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी वाढली की 1918 मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. 1920 मध्ये पुन्हा संप झाला. त्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ना. म. जोशी होते, ज्यांचं नाव आज डिलाईल रोडला आहे.

आणि नेमकं त्याच 1920 साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी एक नवं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. हेच ते बी.डी.डी. कामगारांना बरं घर दिलं तर तो शांत राहील, गिरणीत वेळेवर येईल, हा हिशेब त्यामागं होताच. या खात्यानं कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या असं ठरलं. पैसा कुठून आणायचा? शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागं एक रुपया कर बसवला. ज्या कापसावर गिरण्या चालत होत्या त्याच कापसानं गिरणी कामगाराचं घर बांधायचं.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या 207 चाळी. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे एका चाळीत 80. सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. मधोमध पॅसेज, दोन्ही अंगांना दहा दहा दारं, संडास सामाईक. आणि बांधकाम दगडविटांचं नव्हतं, तर सळया घातलेल्या सिमेंट काँक्रीटचं. त्या काळी हे तंत्र आपल्याकडं नवंच होतं. एक आराखडा, एक साचा आणि त्याच्या दोनशे प्रती. 1774 च्या कायद्यानं लंडनमध्ये जे केलं त्याचंच हे विसाव्या शतकातलं मुंबईतलं रूप म्हणायला हरकत नाही.

ठरलेल्या 50,000 खोल्यांपैकी तिसराच हिस्सा का झाला, याचीही एक गोष्ट आहे. या खात्याकडे दुसरंही एक मोठं काम होतं. बॅकबेचा समुद्र हटवून नवी जमीन करायची. तिथं अंदाज चुकले, खर्च फुगला, गाळ उपसणारी यंत्रं अपेक्षेएवढं काम करीनात. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं सरकारवर टीकेची झोड उठवली. बॅकबेच्या कामावरच्या एका इंग्रज अभियंत्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. आजचा नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचा. या सगळ्यात खात्याची पत गेली. इकडं वरळीच्या चाळीही सुरुवातीला भरेनात. गिरण्यांपासून त्या लांब, आजूबाजूला बाजार नाही, वस्ती नाही, आणि भाडं कामगाराच्या खिशाला जड. कितीतरी खोल्या अनेक वर्षं रिकाम्या राहिल्या.

मला आज तुम्हाला सांगायचं आहे ते इथंच. या एका खात्याची दोन लेकरं. एक बॅकबेची जमीन, दुसरं या चाळी. बॅकबेच्या जमिनीवर पुढं ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हला गोलसर गॅलऱ्यांच्या डौलदार इमारती झाल्या. त्या आर्ट डेको शैलीतल्या ओळी, ओव्हलपलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. याचा मला मुंबईकर म्हणून आनंदच आहे. दुसरं लेकरू, म्हणजे चाळी, टप्प्याटप्प्यानं जमीनदोस्त होत आहेत. थोरल्याला मानपत्र आणि धाकट्यावर हातोडा. वय जवळजवळ एकच, बाप एकच.

असं केवळ आपल्याकडंच होतं असं नाही. ज्या बाथचं मी कौतुक सांगितलं त्याच बाथमध्ये 1960 आणि 70 च्या दशकांत राजवाड्यासारख्या ओळी जपल्या गेल्या, पण त्याच जॉर्जियन काळातल्या कारागिरांच्या, मोलमजुरी करणाऱ्यांच्या साध्या घरांच्या ओळी सरसकट पाडल्या गेल्या. 1973 साली ॲडम फर्ग्युसन यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, गाजावाजा झाला आणि मग पाडापाडी आवरली. रॉयल क्रेसेंटचं पहिल्या क्रमांकाचं घर आज संग्रहालय आहे. आम्ही ते पाहिलं. दिवाणखाना, जेवणाचं टेबल, चिनी मातीची भांडी. पण त्या घरात राबणाऱ्या नोकरचाकरांचा भाग मूळ घराला पुन्हा जोडून लोकांसाठी खुला झाला तो 2013 साली. मालकाचा दिवाणखाना आधी, नोकराचं स्वयंपाकघर चाळीस वर्षांनी.

बाथहून परत आल्यावर मी वरळीला दादाकडे गेलो तो वेगळ्या डोळ्यांनी. मनात एकच प्रश्न होता. आमच्या त्या 160 चौरस फुटांत जपण्यासारखं नेमकं काय आहे? खांब नाहीत, कमान नाही, नक्षी नाही. मग आठवू लागलो तसं एकेक पुढं येत गेलं.

1930 साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. सत्याग्रही इतके पकडले गेले की तुरुंग भरले. तेव्हा सरकारनं वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारानं शांत राहावं म्हणून बांधलेल्या खोल्यांत सरकारनं देशभक्तांना कोंडलं. आमच्या लहानपणी चाळीतले म्हातारे हे सांगत, तेव्हा आम्हाला ती थाप वाटायची.

मग माणसं आली, आणि रिकाम्या इमारतींची वस्ती झाली. काही चाळींत पोलीस कुटुंबं, बाकीच्यांत गिरणीतली, गोदीतली, पालिकेतली माणसं. एकेका गावच्या मंडळानं एकेक खोली धरलेली असे. तिथं एकट्यानं राहणारे पंधरा-वीस गडी पाळीपाळीनं झोपत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. भिंतीला एकाला एक अशा ट्रंका. त्यांची जेवणं खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे, तर शेजारच्या खोलीतली एखादी बाई, जी पहाटे चारला उठून पंधरा डबे भरायची. अशा बायकांनी 1975 साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. माझी आईसुद्धा सहा गड्यांना जेवू घालायची. संध्याकाळी रेडिओवर 'कामगार सभा' लागायची तेव्हा आमच्या मजल्यावर ती एकाच खोलीतून ऐकू यायची, कारण रेडिओ एकच होता आणि वीस दारं उघडी होती.

पण मंडळी, चाळीचं गोडगोड चित्र काढणं मला पटत नाही. पॅसेजमध्ये झोपणाऱ्या माझ्या आठवणीत अंधारही आहे. आमची चाळ बहुतेक कोकणातल्या माणसांची, समोरची बौद्धांची. समोरच्या चाळीतला माझा एक वर्गमित्र होता. शाळेपासून कॉलेजपर्यंत आम्ही दोघं त्याच पिवळ्या दिव्याखाली अभ्यास करत असू. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीत दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. दोन चाळींच्या मधल्या त्या अरुंद जागेतून दगड, बाटल्या, पेटते बोळे इकडून तिकडं जाऊ लागले. आमच्या गच्चीवरही दगडांचे ढीग होते, हे मी लपवणार नाही. 10 जानेवारीला परळला पँथरच्या मोर्चावर दगड पडला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. पुढं न्यायमूर्ती भस्मे यांच्या आयोगानं वरळी-नायगावच्या दंगलींची चौकशी केली. माझा मित्र त्यानंतर कित्येक महिने आमच्या पॅसेजमध्ये आला नाही. आला तेव्हा आम्ही त्या विषयावर काहीच बोललो नाही. आजही बोललेलो नाही. एकाच साच्याच्या इमारती बांधल्या म्हणून माणसं एकसारखी वागवली जात नाहीत, हा धडा मला कुठल्याही पुस्तकाआधी त्या दोन चाळींच्या मधल्या जागेनं दिला.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यांतली बहुतेक पुन्हा आत गेलीच नाहीत. आमच्या आप्पांचं बिल्ला-पाकीट खिळ्यावर लटकलेलं राहिलं. आप्पा गेले तरी बरीच वर्षं ते कुणी काढलं नव्हतं.

हे सगळं मी दादाच्या घरी बसून बोलत होतो. ही इमारत म्हणजे वारसा आहे, जपायला हवी, असं काहीसं मी म्हणालो असेन. वहिनी मोरीपाशी पातेली घासत होत्या. त्या मागं न वळताच म्हणाल्या, ''भावोजी, तुम्हाला आठवणी हव्यात. मला घरात संडास हवा.''

मी गप्प झालो. वयाच्या पासष्टीत, गुडघे दुखत असताना, पावसाळ्याच्या रात्री पॅसेज ओलांडून सामाईक संडासापर्यंत जाणाऱ्या बाईला वारसा शिकवण्याचा मला काय अधिकार? मी तर तीस वर्षांपूर्वीच तिथून निघून गेलो होतो.

आणि इमारती खरोखरच थकल्या होत्या. काँक्रीट म्हणजे कायमचं, असा आपला समज असतो. पण हवेतला कार्बन वायू हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि आतल्या सळईचं संरक्षण काढून घेतो. त्यात वरळीची खारी हवा. सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की आतून काँक्रीट फोडते. मग छताचे पोपडे पडतात. दादाच्या खोलीत एकदा देव्हाऱ्यावरच ढपली पडली. शंभरीला टेकलेल्या त्या इमारतींना दुरुस्तीनं किती दिवस ढकलायचं, हा प्रश्न खराच होता.

पुनर्विकासाचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं. शेवटी म्हाडाकडं काम आलं. एप्रिल 2017 मध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं. 2021 च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष बांधकामाचा शुभारंभ झाला. आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या पहिल्या 556 रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फूट, तेही विनामूल्य आणि मालकी हक्कानं. गिरणगावातल्या कामगाराला मुंबईत हे मिळणं ही लहान गोष्ट नाही. दादा-वहिनी त्या 556 जणांत होते. घर पाहायला आम्ही सगळे गेलो. वहिनींनी आधी संडासाचं दार उघडलं, मग बंद केलं, मग पुन्हा उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून माझ्या मनातली शेवटची शंका गेली. कुणाच्याही नव्या घराच्या आड येणारा वारसा मला नको.

पण म्हणून काहीच ठेवू नये का? याचं एक चांगलं उत्तर पुन्हा इंग्लंडातच आहे. मुलीनं मला परतीच्या आधी बर्मिंगहॅमला नेलं होतं. तिथं एके काळी कामगारांची पाठीला पाठ लावून बांधलेली हजारो घरं होती. पुढं एक घर, मागच्या भिंतीला टेकून दुसरं, मध्ये सामाईक अंगण, तिथंच संडास आणि कपडे धुण्याची जागा. विसाव्या शतकात ती जवळजवळ सगळी पाडली, आणि ते योग्यच झालं असेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, जॉर्जियन काळ संपत आला होता तेव्हाच्या एका अंगणाभोवतीची घरं उरली होती. ती नॅशनल ट्रस्टनं 2004 साली लोकांसाठी खुली केली. तिथली चार घरं चार वेगवेगळ्या काळांत मांडली आहेत. 1840 च्या दशकातलं, 1870 च्या दशकातलं, 1930 च्या दशकातलं आणि शेवटचं 1970 च्या दशकातलं, कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका शिंप्याचं दुकान. एका घरातून दुसऱ्यात गेलं की पन्नास वर्षं ओलांडली जातात. कुठं थाटमाट नाही. पण मी तिथं जितका वेळ थांबलो तितका रॉयल क्रेसेंटमध्ये थांबलो नाही.

बी.डी.डी.च्या बाबतीतही एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखावी, अशी चर्चा झालेली आहे. माझं म्हणणं त्यापुढं थोडंसंच आहे. एक मजला पुरे. वीस खोल्या आणि मधला पॅसेज. पॅसेज मात्र हवाच, कारण एकटी खोली म्हणजे चाळ नव्हे, चाळ म्हणजे ओळ. त्यात एक खोली 1930 च्या सत्याग्रही कैद्यांची ठेवा. एक गावकऱ्यांची, ट्रंकांच्या उतरंडीसकट. एक खानावळवाल्या बाईची. एक 1982 च्या संपातल्या घराची. आणि एक खोली 1974 ची ठेवा. तिथं दोन खिडक्या असू द्या, एक या चाळीची, एक समोरच्या चाळीची, आणि दोन्हींकडची माणसं काय सांगतात ते ऐकू येऊ द्या. ही खोली गाळून केलेलं संग्रहालय म्हणजे नोकरांचं स्वयंपाकघर बंद ठेवलेला रॉयल क्रेसेंट. सामाईक संडासही ठेवा. तो पाहिल्याशिवाय वहिनींच्या चेहऱ्यावरचा आनंद पुढच्या पिढीला कसा समजणार?

आणि हे लवकर करायला हवं. दगडी किल्ला ओसाड पडला तरी काही शतकं उभा राहतो. चाळीचं तसं नसतं. माणसं हलली की चाळ एका दिवसात मुकी होते. कुठला खिळा कशासाठी, कुठली खूण कुणाच्या उंचीची, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्या जबान्या टिपायला काँक्रीट लागत नाही, एक साधा रेकॉर्डर लागतो.

खोली सोडायच्या दिवशी मी दादाकडे एकच वस्तू मागितली होती. छताला एक लोखंडी कडी होती. तिला पाळणा बांधत. दादा तिच्यात झोपला, मी झोपलो, आमच्या दोन्ही बहिणी, मग दादाची मुलं. कडी काढताना तिच्याबरोबर मुठीएवढा काँक्रीटचा तुकडाही निघाला. तो तसाच माझ्या डोंबिवलीच्या कपाटात आहे.

नवं घर बघून निघताना वहिनी मधल्या खोलीत छताकडं पाहत उभ्या होत्या. सूनबाईंना सातवा महिना होता. वहिनी मला म्हणाल्या, ''भावोजी, ती कडी तुमच्याकडेच आहे ना? या छताला ती बसेल का हो?'' मी म्हटलं, ''विचारून बघू.'' मनात म्हटलं, कडी परत जाईल आणि तिथंच शोभेल. तो काँक्रीटचा तुकडा मात्र मी ठेवून घेणार आहे. तो मजला राखला गेलाच, तर तिथं नेऊन देईन.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)